निरोप आणि पोच

मराठीत ‘निरोप’ या शब्दाची मोठी गंमत आहे. निरोप पाठवतात आणि निरोप घेतातही. पण पाठवलेला निरोप पोचला की नाही हे कळल्याशिवाय पाठवणाऱ्याच्या जिवाला चैन नसते, म्हणून आपल्या पूर्वजांनी ‘पोच’ असा आणखी एक शब्द रूढ केला असावा. पत्राची पोच, मालाची पोच, पैशाची पोच. मोंढ्यात सोयाबीन घातले तरी आडत्याकडून पट्टी हातात पडेपर्यंत आमचे वडील जागचे हलत नाहीत. शब्दावर त्यांचा विश्वास नसतो असे नाही, पण पोच ती पोच.

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. विषय इतिहास आणि मराठी. दोन यंत्रे एकमेकांशी कशी बोलतात याच्याशी माझा काही संबंध येईल असे मला कधी वाटले नव्हते. तो आला आजीच्या अंगठ्यामुळे.

घनसावंगी तालुक्यात आमचे गाव आहे. आजीला श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये मिळतात. बँक तालुक्याला. म्हणून गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात जायचे, आधार क्रमांक सांगायचा, काचेवर अंगठा ठेवायचा आणि पैसे घ्यायचे, असा रिवाज. आजीला अक्षर येत नाही. जन्मभर कापूस वेचून अंगठ्याच्या रेषाही झिजल्या आहेत, त्यामुळे एका दमात अंगठा लागला तर तो दिवस चांगला समजायचा. 2024 सालच्या दिवाळीआधी ती अशीच गेली. अंगठा लागला, यंत्र बराच वेळ घुटमळले आणि पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असे आले. केंद्रावरच्या मुलाने साहजिकच पैसे दिले नाहीत. आजी घरी पोचते न पोचते तोच माझ्या फोनवर बँकेचा संदेश आला : खात्यातून 1500 रुपये वजा.

संध्याकाळपर्यंत पारावर निकाल लागलासुद्धा. पैसे त्या पोराने खाल्ले! तो आमच्याच भावकीतला. त्याची आई दुसऱ्या दिवशी पाण्याला आली तेव्हा बाया बोलायच्या थांबल्या. तो मात्र शपथेवर सांगत होता, “काकू, माझ्याकडं ‘अयशस्वी’च दिसतंय. एक रुपया आला नाही.” आजीने त्याला शिवी दिली नाही, पण मला जे विचारले ते माझ्या मनातून अजून गेलेले नाही : “आरं, अंगठा माझा, मशीन त्याचं, ब्यांक सरकारची. मंग मधी पैशे गेले कुठं?”

माझा आतेभाऊ पुण्याला असतो आणि बँकांच्या सर्व्हरांमधले हे निरोपच हाताळणारे प्रोग्रॅम लिहितो. मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, “पावतीवरचा 12 आकडी क्रमांक जपून ठेव आणि बँकेत लेखी अर्ज दे. पैसे कुणी खाल्लेले नाहीत. पोच हरवली आहे.” दिवाळीला तो गावी आला तेव्हा माझ्याच अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने मला ही सारी हकीकत मांडून दाखवली.

काचेवर अंगठा ठेवला की केंद्राच्या बँकेचा सर्व्हर एक निरोप तयार करतो. तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे जातो. ही संस्था 2008 साली स्थापन झाली. अंगठा आधारच्या यंत्रणेकडून पडताळला जातो आणि निरोप आजीच्या बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोचतो. तिथून उत्तर आल्या वाटेने परत येते. बँकांच्या अशा निरोपांसाठी ‘आयएसओ 8583’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना आहे. तो पहिल्यांदा 1987 साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘आदरणीय बँकेस साष्टांग नमस्कार’ वगैरे काही नसते. सुरुवातीला चार आकडे. 0200 म्हणजे ‘पैशाचा व्यवहार करावा ही विनंती’, 0210 म्हणजे त्या विनंतीचे उत्तर. त्यानंतर 64 बिटांचा, म्हणजे 8 बाइटांचा एक नकाशा. नमुन्यातल्या पहिल्या 64 रकान्यांपैकी प्रत्येकाला त्यात एक बिट. 1 असेल तर तो रकाना पुढे भरलेला आहे, 0 असेल तर नाही. समजा पहिला बाइट 01110010 असा आहे. म्हणजे दुसरा, तिसरा, चौथा आणि सातवा रकाना पुढे येईल, बाकीच्यांची वाट पाहू नये. आपल्यात काय नाही हे आधीच सांगून टाकणारा असा प्रामाणिक पत्रलेखक मी दुसरा पाहिलेला नाही.

चौथा रकाना रकमेचा. ती पैशांत आणि 12 आकड्यांत लिहायची. आजीचे दीड हजार तिथे 000000150000 असे उभे राहतात. हे 12 आकडे एका बाइटात एक असे 12 बाइटांत लिहिता येतात, किंवा एका बाइटात दोन असे दडपून 6 बाइटांत. पाठवणाऱ्याने दडपले आणि वाचणारा 12 बाइट वाचत सुटला, तर तो पुढच्या रकान्याचे 6 बाइट गिळतो आणि तिथून शेवटपर्यंत सगळाच अर्थ सरकतो. एकही अक्षर चुकीचे नसताना सारे पत्र चुकते!

निरोपाच्या पुढे त्याची लांबी लिहितात, तिथेही हाच घोळ. लांबी 300 असेल तर दोन बाइट लागतात : 1 आणि 44, कारण एकदा 256 अधिक 44 म्हणजे 300. वाचणाऱ्याने उलट क्रमाने घेतले तर 44 वेळा 256 अधिक 1, म्हणजे 11265. मग तो बिचारा न आलेल्या उरलेल्या बाइटांची वाट पाहत बसतो. मला हे ऐकून हसू आले, कारण आपण मराठी माणसे रोज हेच करतो. 25 लिहिताना आधी दोन, मग पाच. बोलताना मात्र आधी ‘पंच’, मग ‘वीस’. आपला घोटाळा होत नाही, कारण आपले आधीच ठरलेले आहे. यंत्रांचेही सारे शहाणपण एवढेच, की आधी ठरवायचे आणि मग बोलायचे.

वर्गात इतिहासाच्या सरांनी मोडीतले पत्र दाखवले होते, त्याची मला या वेळी आठवण झाली. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे. शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्वदीर्घाचे बंधन नसते. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याला माहीत हवे. दोन सर्व्हरांमधल्या तारेतून बाइट असेच सलग वाहत येतात. आणि जुन्या पत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ असे लिहून मोर्तब करीत. पत्र इथे संपले, यापुढचे काही आमचे नव्हे. यंत्रेसुद्धा मोर्तब करतात. दोन्ही बाजूंनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने साऱ्या निरोपावरून एक आकडा काढतात आणि तो शेवटी जोडतात. मधला एक बिट बदलला तरी आकडा जुळत नाही. रघुनाथरावांच्या पत्रातल्या ‘धरावे’चे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले अशी आख्यायिका आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला हे तर इतिहासातच आहे. त्या पत्राला असे मोर्तब असते तर ‘ध’चा ‘मा’ जागीच पकडला गेला असता, असे मी म्हणालो तेव्हा आतेभाऊ खूष झाला.

पण मग आजीचे काय झाले? मोर्तब बरोबर, रकाने बरोबर, लांबी बरोबर, तरी पैसे गेले कसे? दादा म्हणाला, हेच खरे अवघड आहे. विनंती बँकेला पोचली. बँकेने 1500 वजा केले आणि ‘दिले’ असे उत्तर धाडले. ते उत्तर वाटेत अडकले. इकडचे यंत्र ठरलेले सेकंद थांबले आणि ‘अयशस्वी’ म्हणून मोकळे झाले. आता इकडच्याला कळायला मार्ग नाही की विनंतीच पोचली नाही, की विनंती पोचून उत्तर हरवले. दोन्ही वेळा त्याला ऐकू येते ती एकच गोष्ट : शांतता. म्हणून नमुन्यात 0420 नावाचा आणखी एक निरोप ठेवलेला आहे. त्याचा अर्थ असा, की मघाचा व्यवहार केला असलास तर उलटा फिरव. आणि तोही हरवला तर हिशेब जुळवणारी माणसे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे आधारच्या अशा अडकलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत परत मिळायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई.

आजीचे पैसे चौथ्या दिवशी खात्यात आले. तेल आले, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आल्या. पण त्या चार दिवसांत एका सरळ मुलाला गावाने चोर ठरवले होते, आणि ते उलटे फिरवायला गावाकडे 0420 सारखा काही शब्द नव्हता. ज्या बाया बोलायच्या थांबल्या होत्या त्या पुन्हा बोलू लागल्या, पण ‘आमचं चुकलं’ असे कोणी त्या माउलीला म्हटले नाही. एकटी आजी तेवढी त्यांच्या घरी गेली, ओसरीवर बसली आणि चहा पिऊन आली. मला वाटते, तिच्या परीने तीच पोच होती.

शांततेचा अर्थ लावण्याची घाई माणसाला फार असते. उत्तर आले नाही की आपण ‘नाही’ समजतो, किंवा ‘लबाडी’ समजतो. यंत्राला अब्रू नसते, तरी त्याने या दोन शक्यता वेगळ्या ठेवायला शिकून घेतले. आपल्याला ते अजून जमायचे आहे.

आमच्या घरात वाचता येणारा मी पहिलाच. कॉलेजात जाऊन शिकतोस काय, असे मला गावात पुष्कळदा विचारतात आणि मला चटकन उत्तर सापडत नाही. त्या दिवाळीत मात्र मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत चार ओळी लिहिल्या आणि केंद्राच्या भिंतीवर त्या मुलाच्या हाताने लावून घेतल्या : ‘अयशस्वी आले तरी पावती मागून घ्यावी. पावतीवरचा 12 आकडी क्रमांक जपावा. खात्यातून पैसे वजा झाले असल्यास बँकेत लेखी अर्ज द्यावा. पाच दिवस कोणावर आळ घेऊ नये.’ वाचता न येणाऱ्यांना तो मुलगा त्या मोठ्याने वाचून दाखवतो. शेवटची ओळ वाचताना त्याचा आवाज जरा जास्तच चढतो, असे आजी सांगते.