खालचा तर नॉर्मल आहे

चार वर्षं झाली, पण हे वाक्य ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं.

अण्णांचं वय तेव्हा ७४. जिंतूरला दवाखान्यात बीपी मोजला, १७८/७२ निघाला. "शंभर अधिक वय, एवढा चालतो. खालचा तर नॉर्मल आहे," म्हणून गोळी न देताच परत पाठवलं. आम्हीही निर्धास्त. चार महिन्यांनी सकाळी चहा पिताना अण्णांच्या डाव्या हातातली बशी निसटली, तोंड वाकडं झालं. परभणी चाळीसेक किलोमीटर, पण त्या दिवशी रस्ता संपेना.

नंतर मी वाचायला लागलो, तसतसा राग वाढत गेला. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचं प्रथिन असतं. शरीर ते बहुतेक सगळं लहानपणीच बनवतं; पुढे आयुष्यभर तेवढ्यावरच भागवायचं. ठोक्याला धमनी फुगते, मग आवळते आणि दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे ढकलते. वयानुसार इलॅस्टिनचे धागे तुटतात, ताठ कोलॅजन साचतं, साखरेचे रेणू त्याचे धागे एकमेकांना जखडतात. धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही आतल्या अस्तरात कमी बनतो. उन्हानं कडक झालेली ठिबकची नळी वाकवली की चिरते, ती हातात घेतली की आता मला अण्णाच आठवतात. ताठ धमनी ठोका झेलत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. नीट आवळत नाही, म्हणून खालचा उतरतो. ज्या ७२ वर आम्ही निश्चिंत झालो, तीच धोक्याची खूण होती!

साठीपुढच्या, फक्त वरचा बीपी वाढलेल्या चार हजारांवर लोकांचा अभ्यास अमेरिकेत १९९१ मध्येच छापून आला होता. गोळ्यांनी लकव्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं होतं. म्हणून सांगतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे दोन्ही आकडे वहीत लिहा. त्यांच्यात फार अंतर दिसलं, तर "वय आहे" ऐकून उठू नका.

अण्णांना मात्र कुणाचाच राग नाही. "चऱ्हाट जुनं झालं की तुटतंच, बाळा," म्हणत ते उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवतात. कधी कधी मलाही ते पटतं. वय कुणाला चुकलंय? मग रात्री त्यांना गोळी काढून देतो. कपभर चहाहून स्वस्त गोळी. आणि पटलेलं सगळं पुसून जातं.