बुधवारचा डबा

काल फ्रीजर पुसायला काढला. तळाशी बर्फात रुतलेला एक डबा निघाला. वर चिकटपट्टी आणि त्यावर माझंच अक्षर: "बुधवार. काळ्या वाटाण्याची उसळ. भात तेवढा लावा." मे महिन्यातला डबा. हा उरला कसा, ते सांगायला ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा. आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट आहे.

मे महिन्यात माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, गोव्यात. मालवणपासून शंभरावर किलोमीटर. जाऊन-येऊन नऊ दिवस. घरी नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा, सातवीतली मुलगी आणि सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. नऊ दिवस म्हणजे अठरा जेवणं. जाण्याआधी तीन रात्री मी ऑफिसातून येऊन फक्त रांधत होते.

अशी वेळ कुणावरही येते, म्हणून जे कळलं ते लिहून ठेवते. गरम जेवण तसंच फ्रीजरमध्ये ढकलू नका, पण मे महिन्याच्या उकाड्यात तासाभराहून जास्त बाहेरही ठेवू नका. टोप थंड पाण्याच्या परातीत ठेवला की लवकर निवतो. डबे छोटे आणि चपटे घ्या, वर बोटभर जागा सोडा. बटाटा घालू नका, त्याचा स्पंज होतो. नारळाच्या रसाची आमटी फुटते, त्यामुळे भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण वेगळं करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. उसळी, कोंबडीचं सुकं आणि डाळ चांगली राहते. बांगड्याच्या तिखल्याच्या नादाला लागू नका, ते ताजंच खावं. उद्याचा डबा आज रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा. एकदा गरम केलेलं परत गोठवायचं नाही.

सासूबाई दारात बसून बघत होत्या. म्हणाल्या, "गो, डबे भरलंस तां बरां केलंस. पण लाईट गेली तर?"

तौक्ते कोण विसरेल? १६ मे २०२१, रविवार. त्यानंतर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. आमच्या फ्रीजमधली सुरमई तेव्हा खड्डा काढून पुरावी लागली होती. म्हणून या वेळी दारावर कागद चिकटवला: "लाईट गेली तर दार उघडू नका." गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. खालचा फ्रीज मात्र चारच तास.

आता मुख्य गोष्ट. हे ऑपरेशन चौदा महिन्यांपूर्वीच व्हायला हवं होतं. डॉक्टरांनी गाठी आहेत म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हटलं, मुलाची बारावी होऊ दे. मग गणपती आले. मग सासूबाईंचं मोतीबिंदू. दर महिन्याला रक्त जात होतं आणि मी गोळ्या घेऊन बातम्या करत फिरत होते. शेवटी जिना चढताना डोळ्यांसमोर अंधारी आली, तेव्हा हिमोग्लोबिन निघालं ७.४. बाईचं किमान १२ लागतं. ऑपरेशनच्या आधी दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं.

मी एकटीच अशी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. ही बातमी मीच केली होती. करताना स्वतःचं रक्त तपासून घ्यावं हे मात्र सुचलं नाही.

आणखी एक कबुली. १ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेणं सुरू झालं. १८४२ साली सुरू झालेली ती संस्था. आपला जिल्हा व्हायच्या आधीपासून इथली माणसं मोठ्या दुखण्याला तिकडेच जात आली. त्यामुळे सावंतवाडी-दोडामार्गाकडे आंदोलनं झाली. मी त्या बातम्या केल्या. शुल्क किती, अंतर किती, रुग्णवाहिका किती, सगळं लिहिलं. त्या दिवसांत एसटीत शेजारी बसलेली एक बाई म्हणाली होती, "माका काय झालां हा तां ठावूक आसा. पण मी गेलंय तर घरात रांधतलो कोण?" ते वाक्य मी बातमीतून काढलं. चारशे शब्दांत बसत नव्हतं आणि मला ते घरगुती वाटलं होतं. आता कळतं, बातमी तीच होती.

कारण हॉस्पिटल लांब असलं की बाई एकटी जात नाही. सोबत दुसरी बाई लागते. माझ्याबरोबर कणकवलीची नणंद आली. पुरुष वॉर्डात रात्री राहू देत नाहीत आणि रोज ये-जा करायला ते ओरोस नाही. मी इकडे अठरा डबे भरत होते तेव्हा ती तिच्या घरी चौदा भरत होती. एका ऑपरेशनसाठी दोन चुली बंद. दोघींची तारीख जुळेपर्यंत ऑपरेशन आणखी तीन आठवडे पुढे गेलं. सरकारच्या कोणत्या तक्त्यात हा उशीर दिसतो?

आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं कुठली पदं भरली, कुठली यंत्रं चालू आहेत, हे आपण विचारत राहूच. पण विचारताना हेही धरा: जवळ ऑपरेशन झालं तर सोबतची बाई संध्याकाळी आपल्या घरी जाते आणि आजारी बाई तारीख लवकर घेते.

मग बुधवारचा डबा. मंगळवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, कुठेतरी माड तारांवर पडला आणि लाईट गेली. नवऱ्याचा फोन, "डबे खराब होतील गं, काय करू?" सलाईन लावलेल्या हातानं फोन धरून मी म्हटलं, "दार उघडू नका. उद्या लाईट आली की बघा, आत बर्फाचे खडे असतील तर चालेल." लाईट आली बुधवारी दुपारी. मधल्या दोन जेवणांना सासूबाईंनी त्यांचा पत्र्याचा डबा काढला. आगोटीच्या आधी भरून ठेवलेला: कुळथाची पिठी, सुकट, आमसुलं. त्याला वीज लागत नाही. त्या पाटावर बसून सांगत होत्या, मुलगा गॅसपाशी उभा. रात्री त्याचा मेसेज आला: "आई, पिठी केली. गाठी झाल्या. पण आजीने दोनदा घेतली." दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सुकटाची किसमूर केली. बुधवारची उसळ मागे राहून गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला आधी जरा रागच आला होता. तीन रात्री उभी राहून केलेलं. मग वाटलं, चौदा महिने मी ज्या स्वयंपाकाचं कारण सांगत होते, तो दोन वेळा माझ्याशिवाय झाला. गाठी झाल्या, पण झाला. त्यांना तो आधी शिकवला का नाही, आणि त्यांनी विचारलं का नाही, हा हिशोब आमच्या घरात अजून चालू आहे.

तुमच्या घरात कुणी "गणपती होऊ देत", "परीक्षा होऊ दे", "लावणी होऊ दे" म्हणत दुखणं पुढे ढकलत असेल, तर आज बसून विचारा. आधी डॉक्टरांची तारीख घ्या. डबे मग भरता येतात. आणि भरायला फक्त तिनंच उभं राहू नये.

उसळ माडाच्या मुळात टाकली. वीस तास लाईट नव्हती, कशाला धोका घ्या? डबा घासून ठेवलाय. तो नणंदेचा आहे, या रविवारी कणकवलीला जाऊन द्यायचाय. तिचंही सोनोग्राफीचं काहीतरी राहिलंय म्हणे.