इंद्रलोकात खोली देणे आहे

पुराणातल्या इंद्राबद्दल माझं मत लहानपणापासून फारसं बरं नव्हतं. कुठे कोणी तपाला बसलं की याचं आसन डळमळलंच! पण गेल्या दीड वर्षात मला त्या बिचाऱ्याबद्दल सहानुभूती वाटू लागली आहे. कारण भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात माझे दोन फ्लॅट आहेत, आणि त्यांतला एक मी खोलीखोलीनं भाड्यानं दिला आहे.

दोन फ्लॅट म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. त्या खाली आणा. मी बँकेत कारकून आहे. आमचं वन रूम किचनचं घर अपुरं पडू लागलं, मुलगी दहावीला आली, ती स्वयंपाकघरात मिक्सरच्या घरघरीत सनावळ्या पाठ करू लागली, तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमध्ये दोन बेडरूमचं घर घेतलं. हप्ता सुरू झाल्यावर लक्षात आलं, की मोठ्या घराचा हप्ता भरायचा तर मोठं घर भाड्यानं द्यायला हवं. म्हणजे मोठ्या घरात राहता यावं म्हणून आम्ही लहान घरात राहतो. याला म्हणे गुंतवणूक म्हणतात.

एजंट म्हणाला, ‘‘साहेब, अख्खा फ्लॅट दिलात तर २० हजार. खोलीखोलीनं द्या. बाल्कनीची खोली ९, आतली ८, आणि हॉलला प्लायवूड मारून ७. झाले २४!’’

आता मी बी.कॉम. आहे. महिन्याला ४ हजार जादा म्हणजे वर्षाला ४८ हजार, हे गणित मी त्याच्या आधी केलं होतं. फक्त सौ. म्हणाली, ‘‘एका घरात तीन बिऱ्हाडं, अन् भांडणं मिटवायला कोण जाणार?’’ बायकांना अर्थशास्त्र कळत नाही, असं मी त्या वेळी मनात म्हणालो. (हे वाक्य मी आता मागे घेतलं आहे.)

सुरुवात कायद्यापासून झाली. जुन्या काळी घरमालकाला भाडेकरूची जेवढी भीती वाटे तेवढी भाडेकरूला मालकाची वाटत नसे. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठवली. मालकांनी मग ‘भाडेकरू’ न म्हणता ‘लायसन्सी’ म्हणायची युक्ती काढली. तर सरकारनं १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी म्हणून राहत होते त्यांनाही भाडेकरू करून टाकलं! नवा कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यानुसार करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचल्या दिवशी मी जेवलो नाही. तीन खोल्यांचे तीन करार, तीन वेळा अंगठे, पोलिसांकडे तीन माहितीपत्रं. शिवाय सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, हे मी सेक्रेटरींना नम्रपणे सांगितलं. त्यांनी ते तितक्याच नम्रपणे मान्य केलं आणि म्हणाले, ‘‘पण आमच्याकडे बॅचलर चालत नाहीत.’’

‘‘साहेब, मारुतीही बॅचलरच होता,’’ मी म्हणालो.

‘‘त्यानं लंका जाळली,’’ सेक्रेटरी म्हणाले.

तरी तीन भाडेकरू आले. बाल्कनीच्या खोलीत स्टीलवाला. इथल्या स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आतल्या खोलीत रात्रपाळी. हा कॉल सेंटरात परदेशी माणसांची समजूत काढतो आणि दिवसा झोपतो. हॉल दोन महिने रिकामा राहिला. मग प्लायवूडपलीकडे कलाकार आला. मालिकांमध्ये काम करतो. म्हणजे गर्दीत उभा राहतो.

तीन सज्जन माणसं एका घरात ठेवली की तीन सज्जन माणसं राहतात, असा माझा समज होता. तो पहिल्याच वीजबिलानं घालवला. विजेचा दर चढत्या भाजणीनं लागतो. १०० युनिटांपर्यंत एक, पुढे ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. तिघं वेगळे राहिले असते तर तिघंही खालच्या पायरीवर बसले असते. एका मीटरवर आले आणि एकमेकांच्या खांद्यावर चढून वरच्या पायरीला पोचले. मग ती जादा रक्कम कोणाची? स्टीलवाला म्हणाला, ‘‘माझ्याकडे फक्त पंखा.’’ रात्रपाळी म्हणाला, ‘‘मी रात्री घरातच नसतो.’’ कलाकार म्हणाला, ‘‘माझ्याकडे तर खिडकीच नाही.’’ खिडकीचा विजेशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही, पण त्याच्या आवाजात असं काही कारुण्य होतं की मी गप्प बसलो. प्रत्येक खोलीला सबमीटर बसवले. तरी गीझर उरलाच. गीझर कोणाच्याच खोलीत नव्हता.

मग फोन सुरू झाले. मी काउंटरवर असताना, समोर पासबुक घेऊन आजोबा उभे असताना फोन : ‘‘काका, माझी दोन अंडी गेली.’’ फ्रिजमध्ये तीन कप्पे आणि अंड्यांच्या चौदा खळग्या. चौदाला तीननं भाग जात नाही. मी प्रत्येकाला चार दिल्या आणि उरलेल्या दोन मालकाच्या म्हणून जाहीर केल्या. त्या दोन खळग्यांत कोणी काही ठेवत नसे, इतका माझा दरारा!

मार्चअखेर मी ताळेबंद मांडला. बँकेचा जमतो, घरचा का जमू नये? जादा उत्पन्न ४८,०००. वजा : हॉल रिकामा राहिला ते १४,०००, प्लायवूड ११,५००, जादा करार आणि दलाली ९,०००, गीझर, नळ, कुलपं ६,८००, सबमीटर ३,६००, वादग्रस्त वीज मी भरली ती २,४००. एकूण ४७,३००. निव्वळ जादा नफा, रुपये सातशे फक्त. वर्षाचा! सौ.नं आकडा बघितला आणि काहीही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि त्या सातशेलाही सुरुंग लागला होता. कलाकाराची मालिका बंद पडली. त्यानं दोन महिने भाडं दिलं नव्हतं. १४ हजार! बँकेत नव्वद दिवस थकलं की कर्ज अनुत्पादक ठरतं. याचे साठ झाले होते. मुलीच्या क्लासची फी भरायची होती. मी बँकेच्या पत्राची भाषा उसनी घेऊन नोटीस टाईप केली : ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते की...’

रविवारी दुपारी नोटीस खिशात घालून मी गेलो. दार उघडंच होतं. प्लायवूडची फळी बाजूला सरकवलेली, आणि हॉलमध्ये चटईवर चौघं जेवायला बसले होते. चौथे आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. रोज संध्याकाळी ‘पाण्याचा पंप बघून येतो’ म्हणून जायचे आणि दोन तासांनी यायचे. पंप बघायला दोन तास का लागतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. भिंतीवर सुतळीनं बांधलेली एक वही लटकत होती. अक्षर अण्णांचं. आंघोळीच्या पाळ्या, दुधाचा हिशेब, केर कोणी काढायचा. गीझर : ज्याची पहिली पाळी त्यानं लावायचा, शेवटच्यानं बंद करायचा, बिल सारखं. मी वर्षभर झगडलो तो प्रश्न एका ओळीत. खाली वेगळी नोंद होती : ‘कलाकार – सध्या काम नाही. जेवण दोघांत.’

‘‘कागद आणलायस ना?’’ अण्णा भाताचा घास कालवत म्हणाले. ‘‘वाच की.’’

कलाकार ताटातून हात काढून उभा राहिला. बावीस-तेवीस वर्षांचं पोर. मी खिशात हात घातला, नोटीस हाताला लागली आणि मी म्हणालो, ‘‘गीझर बघायला आलो होतो.’’

घरी येताना अण्णा बोलले. एरवी ते गिरणीबद्दल बोलत नाहीत. १९६९ साली कोकणातून ते लालबागला आले, ते गावकीच्या खोलीत. दहा बाय बाराची खोली, माणसं बावीस. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं, ते आपण वाचतो. अण्णांनी त्यांतल्याच एका खानावळीचं मीठ खाल्लं होतं.

‘‘ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तू दोन वर्षांचा, गावाला. मला वर्षभर दमडी नव्हती. खोलीतल्यांनी माझी वळकटी हलवली नाही. मावशींनी ताट बंद केलं नाही. पुढे वॉचमनकी लागली, थोडे थोडे फेडले. साडेतीनशे राहिले होते. ते घेऊन गेलो, तर मावशी वारलेल्या.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? राहिले ते राहिलेच.’’

पुढे गोल्डन नेस्टच्या सर्कलपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. अण्णांना त्या बाजूला जायचं नव्हतं, मलाही नव्हतं.

रात्री मी ताळेबंद पुन्हा काढला. १४ हजार कुठे टाकायचे? बुडीत म्हणावेत तर पोरगा पळालेला नाही. येणं म्हणावेत तर येणार कधी? पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेलं सगळं वाणिज्य आठवून पाहिलं. शेवटी लिहिलं : ‘जुन्या देण्यापोटी.’ साडेतीनशेचं चाळीस वर्षांचं व्याज धरलं तर रक्कम फार चुकलेली नाही. सौ.नं वाचलं. म्हणाली, ‘‘क्लासची फी मी भिशीतून भरते.’’ भिशीचा मला पत्ताच नव्हता. आमच्या घरात अर्थशास्त्र कोणाला कळतं, याचा निकाल त्या रात्री लागला.

दीड महिन्यानं कलाकाराला काम मिळालं. नायगावला एका पौराणिक मालिकेत, इंद्राच्या मागे उभं राहून चवरी ढाळण्याचं. पहिले दोन हजार त्यानं आणून दिले. मी पावती केली. त्या रात्री ‘आमच्या सोसायटीतला मुलगा’ म्हणून सेक्रेटरींनी चार घरं बोलावून टीव्ही लावला. तो साडेतीन सेकंद दिसला.

हप्ता अजून अकरा वर्षं आहे. मुलगी अजून स्वयंपाकघरातच अभ्यास करते. पण हल्ली संध्याकाळी वह्या घेऊन ती त्या फ्लॅटच्या बाल्कनीत जाते. स्टीलवाला रात्री आठपर्यंत नसतो, आणि त्यानंच तसं सांगितलं. बाल्कनीचं भाडं लावायचं का, असं मी अण्णांना विचारलं. त्यांनी वहीत लिहून ठेवलंय म्हणतात.

काय लिहिलंय, ते बघायला मी अजून गेलो नाही.