राखेचे खड्डे

निआ नदी छोट्या होडीनं ओलांडली की लाकडी फळ्यांची वाट सुरू होते. बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधलं हे घनदाट पावसाळी जंगल. साधारण तीन किलोमीटरची चाल, पण हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळतच नाही. वाटेत ट्रेडर्स केव्ह लागते. पाकोळ्यांच्या घरट्यांचे व्यापारी पूर्वी इथं मुक्काम करत. त्यांच्या झोपड्यांचे सांगाडे अजून उभे आहेत.

मग निआच्या मोठ्या गुहेचं पश्चिमेकडचं तोंड समोर येतं. साठ मीटर उंच! १९५८ मध्ये टॉम आणि बार्बरा हॅरिसन यांच्या उत्खननात इथं माणसाची कवटी सापडली, सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची. ती एका बाईची असावी, असं अलीकडचे अभ्यासक मानतात. ती ज्या चरात सापडली, तो खणताना इतकं उकडायचं की खणणाऱ्यांनी त्याचं नावच 'हेल ट्रेंच' ठेवलं.

सगळे त्या कवटीविषयी बोलतात. मी मात्र अडकलो ते राखेच्या खड्ड्यांपाशी. हिमयुगातल्या थरांमध्ये अभ्यासकांना विषारी कंदांचे आणि पँगियम नावाच्या झाडाच्या बियांचे अवशेष मिळाले, आणि राख भरलेले खड्डेही. पँगियमच्या बीमध्ये सायनाइड तयार होतं. ती कच्ची खाल्ली तर माणूस दगावतो. उकळून, राखेत पुरून बरेच दिवस ठेवली तर तीच अन्न होते. आपल्या सह्याद्रीतही कडू कंद राख घालून शिजवतात, वाहत्या पाण्यात ठेवतात.

हे ज्ञान एका माणसाच्या आयुष्यात मावणारं नाही. कोणी तरी खाऊन मेलं असणार, कोणी तरी ते पाहिलं, लक्षात ठेवलं, पुन्हा करून बघितलं. भूक लागलेली असताना खड्ड्यातलं अन्न उकरायचं नाही, हे लहानग्यांना कोणी, कसं समजावलं असेल? हत्यारं आणि शिकार यांच्या चित्रांनी भरलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकांत या वाट बघण्याला जागाच नाही. मला तर माणसाचं मोठेपण तिथंच दिसतं. ती राख त्याच बाईच्या हातची, असं मी म्हणू शकत नाही. पण तिला ही कृती येत असावी, असं फार वाटत राहतं.

पुढे पेंटेड केव्हमध्ये भिंतीवर लाल रंगातल्या होड्या आहेत. मृतांना होडीच्या आकाराच्या पेट्यांत ठेवत, त्या पेट्याही इथंच मिळाल्या. परतताना मोठ्या गुहेत छतापासून लोंबणारे उंच खांब दिसले. घरटी काढणारे त्यांवरून अजूनही चढतात. कुठल्या खांबावर भार टाकायचा, हे त्यांनाही कोणी तरी शिकवलेलं असतं.