बारा छायाचित्रें आणि एक रविवार

वर्ष सरत आलें म्हणजे व्यापारी आपल्या वह्या तपासतो, शेतकरी कणगींतील धान्याचा अंदाज घेतो आणि गृहिणी घरांत काय आलें व काय गेलें याचा मनांतल्या मनांत हिशेब करते. ज्याला एखादा छंद आहे त्यानेंही या सुमारास आपल्या छंदाचा जमाखर्च मांडावा, असें मला वाटतें. छंदांत पैसा थोडा जातो, पण वेळ फार जातो. आणि वेळ हें असें नाणें आहे कीं, तें एकदां मोडलें म्हणजे पुन्हां खिशांत येत नाहीं. माझा छंद छायाचित्रणाचा. त्याचा या वर्षीचा ताळेबंद विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा छंद मला वडिलांकडून मिळाला. आमच्या घरीं ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’ नांवाचा, बडोद्यास तयार झालेला साधा कॅमेरा होता. एका रोलवर बारा छायाचित्रें निघत. तेरावें काढावयाचें तर दुसरा रोल विकत आणावा लागे. म्हणून वडील बटण दाबण्यापूर्वीं पुष्कळ विचार करीत. ऊन कोणीकडून येतें, कोणाचें तोंड सावलींत आहे, धाकट्याच्या शर्टाची गुंडी लागली आहे कीं नाहीं, हें सारें पाहून झाल्यावर ते क्षणभर श्वास रोखीत आणि मग बारीकसा ‘टिक्’ आवाज होई. रोल संपावयास कधीं कधीं पांच-सहा महिने लागत. त्यामुळें ईस्टरचें छायाचित्र आणि शेजाऱ्यांच्या गणपतीचें छायाचित्र एकाच पाकिटांतून घरीं येई. तें पाकीट उघडण्यासाठीं सारें घर दिव्याखालीं जमत असे. आतां माझ्या खिशांतील मोबाइलवर या एका वर्षांत चार हजारांहून अधिक छायाचित्रें सांठलीं आहेत. त्यांपैकीं दुसऱ्यांदां पाहिलेलीं दोनशेही नसतील.

या कलेचा इतिहास म्हणजे एका परीनें श्रम कमी होत गेल्याचा इतिहास आहे. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची छायाचित्रणाची पद्धति जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ सालीं, मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक होते. शिक्षणानें ते डॉक्टर. परंतु या नव्या कलेची त्यांस मोठी आवड होती. त्या काळीं कांचेवर रसायनाचा थर द्यावा, ती कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें आणि थर वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या खोलींत किंवा तंबूंत जाऊन तें धुवावें, अशी रीत होती. मुंबईच्या उन्हाळ्यांत ही तारांबळ केवढी होत असेल, याची कल्पना करावी! पुढें १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें ‘कोडॅक’ कॅमेरा बाजारांत आणला. शंभर छायाचित्रांची गुंडाळी त्यांत भरलेली असे आणि ती संपली म्हणजे ग्राहकानें कॅमेराच कारखान्याकडे पाठवावा, बाकीचें काम कारखाना करी. १९७५ सालीं त्याच कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें फिल्मवांचून चालणारा कॅमेरा तयार केला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास त्यास तेवीस सेकंद लागत. ज्या घरांत हा शोध जन्मला त्याच घरावर, म्हणजे त्या कंपनीवर, २०१२ सालीं दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. यंत्राचा भरंवसा यंत्र करणारालाही देतां येत नाहीं, एवढें यावरून दिसतें.

तेव्हां जें काम करण्यास एका विद्वान डॉक्टराला अर्धी सकाळ घालवावी लागे, तें आज पांच वर्षांचें मूल निमिषांत करतें. मग असा प्रश्न पडतो कीं, मधल्या काळांत वांचलेला हा सारा वेळ गेला कोठें?

उत्तर शोधण्यास आपल्या शाळेपुढील रस्ताच पुरे आहे. घोडबंदर हें नांव तेथील बंदरांतून होणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून पडलें, असें सांगतात. तेथील पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनीं १७३७ सालीं साष्टीच्या मोहिमेंत घेतला. आज त्याच नांवाच्या रस्त्यावरून उरणच्या बंदराकडून गुजरातकडे जाणाऱ्या अजस्र मालगाड्या धांवतात, आणि डोक्यावर मेट्रोचा मार्ग उभा आहे. घोड्यापेक्षां मोटार वेगवान, हें खरें. परंतु गायमुखच्या चढावर वाहनांची रांग लागली म्हणजे घोड्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्या रांगेंत मी बसच्या खिडकीशीं बसलेला असतों. आजूबाजूच्या प्रत्येकाच्या हातांत यंत्र असतें. प्रत्येकजण बोटानें चित्रें वर सारीत असतो आणि कोणीही कांहींही पाहत नसतो. असा वेळ रिकामा खरा, पण त्याला फुरसत म्हणतां येणार नाहीं. रिकामा वेळ आपल्यावर येऊन पडतो. फुरसत मनुष्यानें स्वतः निवडलेली असते.

आणि ही फुरसत आपणांस फुकट मिळालेली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यांत झाला. ते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना त्या काळीं आठवड्याची हक्काची सुटी नसे. लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, हजारों सह्यांचे अर्ज केले. आणि १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी गिरणीमालकांनीं मान्य केली. आपण ज्या रविवारीं उशिरां उठतों, त्या रविवारामागें एका ठाणेकराची सहा वर्षांची खटपट आहे, हें आपल्या मुलांना ठाऊक असावें.

एवढ्या कष्टानें मिळालेली फुरसत आपण खर्च कशी करतों? गेल्या नाताळच्या कार्यक्रमांत लहान वर्गांतील एक बालक मेंढपाळाचा वेष घालून रंगमंचावर आलें. तें आपल्या आईला शोधीत होतें. समोर शंभर-सव्वाशें मोबाइल उंच धरलेले होते आणि त्यांच्यामागें चेहरे झांकून गेले होते. बालकाची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली व गोंधळून परत आली. तेवढ्यांत तिसऱ्या रांगेंतील एका माउलीनें हातांतील यंत्र मांडीवर ठेवलें आणि ती नुसती हंसली. मेंढपाळाचे सारे संवाद मग बिनचूक पार पडले. त्या प्रसंगाचें छायाचित्र त्या माउलीपाशीं नसेल. परंतु तो प्रसंग मात्र तिच्यापाशीं आहे.

छायाचित्रण वाईट आहे, असें मला सुचवावयाचें नाहीं. तसें असतें तर मी हा छंद कधींच सोडला असता. पाहण्याऐवजीं छायाचित्र काढणें आणि पाहतां यावें म्हणून छायाचित्र काढणें, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा उत्तम धडा दादासाहेब फाळके यांनीं घालून दिला आहे. चित्रपट काढण्यासाठीं भांडवल हवें होतें आणि पैसेवाल्यांची खात्री पटत नव्हती. तेव्हां १९१२ सालीं त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर मांडला आणि सुमारे महिनाभर त्या कोंभाची चित्रें टिपलीं. ‘अंकुराची वाढ’ या नांवानें तें चित्र पडद्यावर आलें, तेव्हां महिन्याभराची वाढ प्रेक्षकांना सुमारे एका मिनिटांत दिसली. पुढील वर्षीं ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. परंतु त्या बोलपटपूर्व काळाचें मूळ माझ्या मतें त्या कुंडींत आहे. वाटाणा सर्वांच्याच घरीं उगवतो. त्याच्यासमोर महिनाभर बसणारा विरळा.

या वाटाण्यावरून मीं यंदा एक नेम केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं गायमुखच्या खाडीकांठीं जावें, एकाच जागीं उभें राहून अर्धा तास नुसतें पाहावें आणि मग एकच छायाचित्र घ्यावें. वडिलांच्या रोलप्रमाणें वर्षाचीं बारा. आज तीं बारा चित्रें माझ्या मेजावर ओळीनें मांडलेलीं आहेत. जानेवारींत पलीकडच्या टेकड्या धुक्यांत अर्ध्या बुडालेल्या आहेत. मार्चमध्यें होडीच्या कडेला एक वृद्ध कोळी जाळें दुरुस्त करीत बसला आहे. मीं परवानगी विचारतांच तो म्हणाला, “काढा, पन जालं दिसूं द्या.” त्याला स्वतःपेक्षां आपल्या कामाचें अगत्य अधिक होतें. मे महिन्यांत टेकड्या पिंगट, जुलैंत पैलतीर पावसानें पुसून टाकलेला, ऑगस्टांत तोच तीर हिरवागार. तिवरांची झाडें मात्र बाराही महिने तशींच उभीं. भरतीला कंबरेइतक्या पाण्यांत, ओहोटीला चिखलांत. एकटें घेतलें तर यांतील एकही चित्र स्पर्धेंत पाठविण्याजोगें नाहीं. परंतु बाराही एकत्र पाहिलीं म्हणजे वर्ष कसें चालतें तें दिसतें, आणि चार हजार चित्रांनीं जें मला सांगितलें नाहीं तें हीं बारा सांगतात.

हाच नेम दिवाळीच्या सुटींत मीं आठवीच्या वर्गाला घालून दिला. प्रत्येकानें सुटीभर पाहावें आणि एकच छायाचित्र आणावें. ज्याचें छायाचित्र असेल त्याची संमति घ्यावी. आणि चित्रांत काय दिसतें तें दहा ओळींत लिहावें. सुटीनंतर आकाशकंदील आले, किल्ले आले, फराळाचीं ताटें आलीं, सूर्यास्त तर सात आले. एका विद्यार्थ्यानें मात्र रविवारीं दुपारीं चटईवर झोंपलेल्या आपल्या वडिलांचें छायाचित्र आणलें. पाय कापले गेले होते, चेहरा किंचित् हाललेला होता, खिडकीचें ऊन अर्ध्या अंगावर पडलें होतें.

“बाबांना विचारलंस का?” मीं विचारलें.

“झोपले होते, सर. उठल्यावर विचारलं. ते म्हणाले, आधी आईला दाखव.”

त्याच्या दहा ओळी मीं दोनदां वाचल्या. वडील टेंपो चालवितात. मुलगा उठण्यापूर्वीं ते घरांतून निघतात आणि तो निजल्यावर परत येतात. त्यानें लिहिलें होतें कीं, बाबांचा उजवा हात डाव्या हातापेक्षां पुष्कळ काळा आहे, हें मला छायाचित्र काढतांना प्रथमच कळलें. गाडी चालवितांना तो हात खिडकीशीं उन्हांत असतो. वर्गांत मीं हें वाचून दाखविलें, तेव्हां कोणीही हंसलें नाहीं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशीं तीं सारीं छायाचित्रें छापून आम्हीं दालनांत लावलीं. संध्याकाळीं उशिरां, दिवे मालविण्याच्या वेळीं, एक गृहस्थ कामावरच्या कपड्यांनिशीं आले आणि त्या चित्रापुढें बराच वेळ उभे राहिले. मग मजजवळ येऊन संकोचानें म्हणाले, “सर, याची एक प्रत मिळेल का? माझे फोटो म्हणजे एक लायसनवरचा आणि एक आधारवरचा.” आम्हीं भिंतीवरचीच प्रत काढून त्यांस दिली. त्यांनीं ती वर्तमानपत्राच्या दोन पानांत घातली आणि हातांत आडवी धरून, दुमडूं न देतां, नेली.

माझ्या वर्षाच्या ताळेबंदांत जमेच्या बाजूस ही एक नोंद सर्वांत मोठी आहे. आतां तर यंत्राला चार शब्द सांगितले, कीं कधींही न घडलेल्या प्रसंगाचें सुबक चित्र तें क्षणांत तयार करून देतें. झोंपलेल्या वडिलांचें चित्रही तें देईल. पायही कापणार नाहीं. परंतु तो उन्हानें रापलेला उजवा हात त्या चित्रांत नसेल, कारण तो दिसण्यासाठीं त्या वडिलांचें मूल असावें लागतें, आणि त्या मुलाजवळ बसून पाहण्यास एक रविवार असावा लागतो.

विद्यार्थिमित्रहो, नव्या वर्षांत हातांतील यंत्र टाकून द्या, असें मी सांगत नाहीं. महिन्यास एकच छायाचित्र असें घ्या, कीं ज्यापूर्वीं तुम्हीं पुष्कळ वेळ पाहिलें आहे. वर्षाअखेरीस तीं बारा कागदावर छापून घ्या आणि पाठीमागें पेन्सिलीनें नांव, गांव व तारीख लिहून ठेवा. कारण मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलतो, आणि त्याबरोबर आजीचा चेहराही जातो. आणि पालकहो, आपणांस एकच विनंती. ज्या रविवारासाठीं लोखंडे यांनीं एवढी खटपट केली, त्यांतील निदान एक दुपार मुलांना द्या. त्या दुपारीं आपण कांहीं करावें असें नाहीं. चटईवर पडून राहिलांत तरी चालेल. पाहण्याचें काम मुलें करतील.