बांधीतला दुसरा पाऊस

रोवणी आटोपली की दिघोरीच्या बांध्यांत धान हिरवा रंग धरू लागतं. भंडारा जिल्हा तळ्यांचा. तलाव, बोड्या, धुरे मिळून पावसाचं पाणी जपतात. याच बांध्यांवर आणखी एक पाऊस बारा महिने पडतो. त्याला ढग लागत नाहीत, धुरा त्याला अडवत नाही. दर मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक, असे म्युऑन नावाचे कण उतरतात आणि धानातून, चिखलातून, आपल्या तळहातातून आरपार जातात.

अंतराळातून येणारे विश्वकिरण हवेवर आदळतात, तेव्हा सुमारे १५ किलोमीटर उंचीवर हे कण जन्मतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. मग ते धानाच्या पातीपर्यंत पोचतात कसे?

उत्तर एका काटकोन त्रिकोणात आहे. कणासोबत खाली येणाऱ्या कुणी प्रकाशकिरण सरळ आडवा सोडला, असं मानू. त्याच्या लेखी किरण फक्त आडवा गेला. धुऱ्यावर उभ्या माणसाला तो आडवा जाता जाता खालीही उतरताना दिसतो, म्हणजे तिरप्या, लांबच्या वाटेनं. प्रकाशाचा वेग मात्र दोघांनाही सारखाच. १९०५ साली आइन्स्टाइननं पायाशी ठेवलेलं गृहीतक हेच. वाट लांब आणि वेग तोच, म्हणून धुऱ्यावर वेळ जास्त भरतो. प्रकाशाचा वेग ‘प्र’, कणाचा ‘व’, धुऱ्यावरचा वेळ ‘क’ आणि कणाचा ‘ख’ धरला, तर पायथागोरस सांगतो:

(प्र×क)² = (प्र×ख)² + (व×क)²

म्हणून क = ख ÷ √(१ − व²/प्र²)

व हा प्रकाशवेगाच्या ०.९९८ पट असेल, तर क हा ‘ख’च्या जवळपास १६ पट होतो. ६६० मीटरांचे दहा किलोमीटर होतात आणि बरेच कण जमीन गाठतात.

वेगवान कण असा जास्त जगेल, हे मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३८ सालीच सुचवलं होतं. १९४१ साली भौतिकशास्त्रज्ञ रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोच्या डोंगरांत कण मोजून ते पडताळलं.

कणाला विचाराल, तर त्याचं आयुष्य कणभरही वाढलेलं नाही. त्याच्या लेखी १५ किलोमीटरची हवाच आक्रसून किलोमीटरभराच्या आत आली. कण आणि धुऱ्यावरचा माणूस, दोघांचे हिशेब वेगळे, दोन्ही खरे. कण बांधीत पोचला, यावर मात्र दोघांचंही एकमत. निसर्गाचा हा न्याय समजला, की मान आपोआप लवते.