फटफटीवरून उत्तर अंदमान

अंदमानचे नाव काढले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते, ते सेल्युलर जेलचे. १९११ साली सावरकर तेथे आले, आणि तेव्हापासून हे बेट आपल्या मनात काळ्या पाण्याच्या नावाने कायम झाले. आपल्याकडून येणारा पाहुणा त्या कोठडीपुढे हात जोडतो आणि परततो. त्यात गैर काही नाही. परंतु २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रीविजयपुरमला दोन वर्षे नोकरी करूनही माझे अंदमान तेवढेच राहिले होते, याची मला लाज वाटू लागली.

म्हणून जानेवारीत सुट्यांना जोडून रजा घेतली आणि जहाजाने एरियल बे गाठले. दिगलीपूरच्या एका सहकाऱ्याने आपली जुनी फटफटी माझ्या स्वाधीन केली. "ब्रेक जरा सांभाळून," एवढेच तो म्हणाला. परत कधी आणणार, हे त्याने विचारलेही नाही.

पहिल्या दिवशी कालीपूरला गेलो. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस ७३२ मीटर उंचीचे सॅडल पीक, हे अंदमानातले सर्वांत उंच शिखर. तेथील वाळू काळसर आहे आणि हिवाळ्याच्या रात्री तीवर कासवे अंडी घालण्यास येतात. आसपासच्या गावांची नावे दुर्गापूर, शिबपूर, लक्ष्मीपूर, सीतानगर. नारळी-पोफळीच्या बागा पाहून क्षणभर वाटले, आपण गुहागरच्या वाटेवर आहोत.

दुसऱ्या दिवशी मायाबंदरकडे निघालो. रस्ता डोंगराच्या अंगाखांद्यावरून चढत-उतरत जातो. कुठे खडी उखडलेली, कुठे चिखलाचे ओघळ वाळून दगड झालेले. दोन्ही बाजूंस गर्जन आणि पडौक यांचे उंच वृक्ष. रान संपून भातखाचरे लागली, आणि नेमकी तेथेच फटफटीची साखळी तुटली.

पाच मिनिटांत चार माणसे जमली. एक तरुण पान्हे घेऊन आला, दुसऱ्याने कुठूनशी साखळीची कडी पैदा केली, आणि मला एका अंगणात बसवून चहा व मुरमुरे देण्यात आले. घरचे म्हातारे आजोबा शेजारी येऊन बसले. बेटावरच्या हिंदीत त्यांनी विचारले, "बाबू, तुमचा देश कोणता?"

कोकणातल्या माणसाला देश म्हणजे घाटावरचा मुलूख. मला अर्थ लागण्यास क्षणभर लागला. मग म्हणालो, "रत्नागिरी."

आजोबांचा देश बारिसाल. फाळणीनंतर ते पूर्व पाकिस्तानात गेले, आता बांगलादेशात आहे. पाच-सहा वर्षांचे असताना ते निर्वासित आईबापांबरोबर कलकत्त्याहून जहाजाने येथे आले. सरकारने कुटुंबाला पाच एकर भातजमीन आणि पाच एकर डोंगर दिला. मात्र जमीन म्हणजे तेव्हा रानच होते. बापाने झाडे तोडली, खुंट उपटले. अंगणातली पोफळ दाखवून ते म्हणाले, "ही आईने लावलेल्या झाडाच्या बियांची."

मीही आमच्या नोकरीचे रडगाणे गायिलो. घर किती दूर, आई एकटी, दोन वर्षांत जाणे झाले नाही, बदलीचा अर्ज तयार आहे. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तुम्हाला जाता येते ना?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचे होते. मी "हो" म्हणालो आणि कपातला थंड झालेला चहा पिऊन टाकला.

दुरुस्तीचे पैसे कोणी घेतले नाहीत. ऑस्टिन खाडीवरील चेंगप्पा पूल ओलांडून मध्य अंदमानात शिरलो. मायाबंदरजवळच्या वेबी गावी करेन लोकांची वस्ती आहे. ते १९२५ साली ब्रह्मदेशातून आले. तेथेही कोणी पाणी दिले, कोणी वाट दाखविली. इतर वेळी मी हे सारे डोळे भरून पाहिले असते. पण त्या दिवशी फटफटीच्या आवाजातही तो एकच प्रश्न ऐकू येत होता.

बदलीच्या अर्जात कारण म्हणून मी 'वृद्ध मातोश्रींची देखभाल' असे लिहिले होते. त्या मातोश्रींना मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. रजा शिल्लक होती, प्रवासाची सवलत होती, विमाने होती. आम्हा बदलीवाल्यांना दूरपणाची एक सवय जडते. ती पुढे पुढे सोयीची होते, आणि मग तिचाच आपण दुःख म्हणून उल्लेख करतो.

परतल्यावर सहकाऱ्याला फटफटी दिली. त्याने साखळीकडे पाहिले, हसला, आणि कोणी दुरुस्त केली हे ओळखून त्या तरुणाचे नावही सांगितले.

बदलीचा अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. त्याआधी मी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, याचा थोडा विचार केला, आणि लिहिले : 'घरी जाणे'.